बाजाराच्या पिशवीतली गोळी

कडूबाईंनी दुधात कुस्करलेली भाकरी तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिभेच्या कडांना, गालांच्या आत, ओठामागं, सगळीकडं चट्टे उठले होते.

सून शिवकांता बघत होती. "आत्या, पुन्हा मिसरी लावायला लागलात ना? घरात दिसंल म्हणून बाजारात लावता."

"न्हाय गं बाई."

"मग तोंड आपोआप सोललं व्हय?" असं म्हणत तिनं तान्ह्या लेकीला सासूजवळून उचललं.

भाजलेल्या तंबाखूची ती मिसरी कडूबाईंनी उभा जन्म दातांना लावली होती. नात झाली तेव्हा सुनेनं बजावलं, मिसरीच्या बोटानं बाळाला शिवायचं नाही. कडूबाईंनी डबी उकिरड्यावर भिरकावली. डोकं ठणकलं, पोट फुगलं, पण शब्द मोडला नाही. आता मात्र पोटचा लिंबाजीसुद्धा म्हणाला, "आये, लावली आसंल तर सांगून टाक की."

कडूबाई ताडकन उठल्या. "शिवकांता, चल डाक्टरकडं. तुज्यासमोर तोंड उघडते. मिसरी निघाली तर पोरीला जन्मात हात लावणार न्हाय!"

भूमच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंड नीट पाहिलं. "मिसरीचे चट्टे असे सगळीकडं एकदम उठत नाहीत. दुसरं औषध काय चालू आहे, आजी?"

"बोटांच्या सांध्यांची गोळी. आठवड्याला एकच."

"रोज तर घेत नाही ना?"

"म्या काय येडी हाय का? बाजारला निघताना घेते. भाजीच्या पिशवीतच ठिवलीय, म्हंजी इसरायचं काम न्हाय."

शिवकांताच्या डोक्यात हिशेब जुळला. बोललं तर आपलाच आळ खोटा ठरणार होता. तरी ती बोलली.

"आत्या, गोळी सुरू झाली तवा तुमी नुसता भूमचा बाजार करायच्या. मेथी चांगली निघाली तसं वालवड अन् पाथरूडबी धरलं. आठवड्याला तीन बाजार, म्हंजी तीन गोळ्या झाल्या की."

कडूबाईंनी बोटांवर तिन्ही बाजार मोजले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "तोंडातली कातडी सारखी झिजते आणि सारखी नवी येते. ही गोळी जास्त झाली की नवी येणं थांबतं. रक्ताचंही तेच होतं. गोळी आजपासून बंद. आधी रक्त तपासू."

रक्त थोडं उतरलं होतं. अजून काही बाजार झाले असते तर दवाखान्यातच राहावं लागलं असतं. बाईंनी उताऱ्याचं औषध दिलं. ताप आला तर तडक यायला सांगितलं आणि सांध्यांची गोळी आपल्याला विचारल्याशिवाय सुरू करायची नाही, असंही बजावलं.

घरी पाऊल टाकताच लिंबाजीनं विचारलं, "निघाली का मिसरी?"

कडूबाईंनी तोंड उघडायच्या आत शिवकांता म्हणाली, "न्हाय. आत्यांनी शब्द पाळलाय. म्याच उगं आळ घेतला." तिनं लेक सासूच्या मांडीवर ठेवली.

"बरं," कडूबाई म्हणाल्या, "आता मऊ भात टाक. आन वालवडच्या बाजारला उद्या तू जा. मेथी काय माज्या तोंडासाठी थांबायची न्हाय."