चार डिस्कचा डबा

परीक्षितने तो हार्ड डिस्कचा डबा निवडायला दोन महिने लावले होते. घरातले सगळे सिनेमे, फोटो, अनिकाचे जन्मापासूनचे व्हिडिओ एका जागी ठेवायचे आणि टीव्हीवर हवे तेव्हा लावायचे, एवढंच त्याला हवं होतं. पण डिस्क दोन असाव्यात की चार, मेमरी पुढे वाढवता येईल का, एक डिस्क बंद पडली तर दुसरीवरून सगळं परत मिळेल का, हे त्याने एक्सेलमध्ये मांडलं, रिव्ह्यू वाचले, मित्रांना फोन केले. शेवटी ऑफिसात वापरतात तसा दणकट, चार डिस्कचा डबा आणला. अमेरिकेत अर्विंगमधल्या त्यांच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये इंटरनेटची लाइन फक्त बेडरूममध्ये येत होती, म्हणून डबा तिथेच, पलंगाच्या उशाशी बसला.

त्याची बायको नेत्रा हॉस्पिटलच्या आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळायची. आठवड्यातून तीन रात्री, संध्याकाळी सात ते सकाळी सात. ती घरी पोचायची तोवर परीक्षित सहा वर्षांच्या अनिकाला शाळेत सोडून ऑफिसला गेलेला असायचा. दिवसभर घर रिकामं. झोपायला ह्याहून चांगलं काय, असं त्याला वाटे.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दोन जादा डिस्क येणार होत्या आणि पार्सल सही केल्याशिवाय मिळणार नव्हतं. नेत्राची झोपमोड नको म्हणून तो स्वतःच अकराच्या सुमाराला घरी आला. गाडी लावताना शेजारच्या नेत्राच्या गाडीकडे त्याचं लक्ष गेलं. पुढची सीट पूर्ण मागे पाडलेली होती. नेत्रा तिच्यावर हॉस्पिटलच्याच कपड्यांत झोपली होती. अंगावर त्याचं जुनं जॅकेट, डोळ्यांवर पट्टी, तोंड किंचित उघडं.

आधी तो घाबरलाच. मग जॅकेट वरखाली होताना दिसलं. काचेवर टकटक करायला उचललेला हात त्याने खाली घेतला आणि पाय न वाजवता वर गेला.

बेडरूममध्ये पडदे ओढलेले होते. पलंग सकाळी त्याने आवरला होता तसाच. तो तिच्या जागेवर आडवा झाला. डब्याचा पंखा एकसारखा घोंघावत होता. तेवढं चालून गेलं असतं. पण दर काही सेकंदांनी आत डिस्क खडखडायची, थांबायची, आता संपलं म्हणावं तोच पुन्हा खडखडायची. दहा मिनिटांत त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्याने उठून डबा बंद केला.

एक वाजता नेत्रा वर आली. त्याला सोफ्यावर पाहून दारातच थबकली.

"तू घरी? अनिका बरी आहे ना?"

"बरी आहे. पार्सल घ्यायला आलो. गाडीत का झोपतेस?"

तिने बूट काढले.  "नेहमी नाही. ज्या दिवशी अगदीच लागत नाही त्या दिवशी."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून, थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून असेल."

"मग सांगायचं ना यार! मी तो डबा एका मिनिटात बंद केला असता."

"कळतं रे. पण सांगायचं म्हणजे बोलायचं. मग तू पर्याय काढणार, मला लिंक पाठवणार, ह्यातला कुठला म्हणून विचारणार. रात्रभर मशीनचे अलार्म ऐकून आल्यावर मला कुठल्याच मशीनबद्दल बोलायचं नसतं. त्यापेक्षा खाली जाऊन झोपणं सोपं होतं."

 परीक्षितने पोळी-भाजी गरम करून तिच्यापुढे ठेवली. निम्मी खाऊन ती आत गेली आणि तशीच आडवी झाली.

शनिवारी नेत्रा आपणहून त्याच्या लॅपटॉपपाशी येऊन बसली. त्याने हळूच सांगितलं की फिरत्या डिस्क नसलेला छोटा डबा मिळतो, पंखाही नाही, आवाजच नाही. फक्त जागा फार कमी.

"आपण यातलं बघतो किती?" तिने विचारलं.

त्याने यादी उघडली. चार महिन्यांत दोन सिनेमे, त्यातला एक अर्धाच. बाकी सगळीकडे अनिकाचं एकच कार्टून.  मग नेत्रा खुदकन हसली, पण हसूही दमलेलं होतं.

"व्हिडिओ आणि फोटो ठेव," ती म्हणाली. "बाकीचं तू ठरव."

रविवारी तो दिवसभर सिनेमे काढून टाकत बसला. काही काढताना जिवावर आलं. सोमवारी छोटा डबा आणून राहिलेलं त्यात भरलं, नव्या डिस्क परत पाठवल्या, मोठा डबा ऑफिसातल्या सिद्धेशला दिला.

मंगळवारी सकाळी नेत्रा ड्यूटीवरून आली तेव्हा बेडरूम शांत होती. दहाला बाहेर गवतावर माळ्यांचे पालापाचोळा उडवणारे ब्लोअर सुरू झाले, मग वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकत राहिला. संध्याकाळी परीक्षित अनिकाला घेऊन आला तेव्हा नेत्रा ओट्यापाशी चहा गाळत होती, केस ओले, कामाचे कपडे घातलेले.

"झाली झोप?"

"चार तास," ती म्हणाली. "आपल्या पलंगावर."

अनिकाने "Mom, are you going again?" विचारलं. नेत्राने तिच्या केसांवरून हात फिरवला, उभ्याउभ्याच चहा संपवला आणि किल्ल्या उचलल्या.