सदतीसच्या पुढे

…आणि त्या इवल्याशा गोल खिडकीत छत्तीसचा आकडा कधीच मागे पडलेला. प्रणालीनं कॅमेरा उजेडाकडे धरून डोळा बारीक केला — सदतीस. छत्तीस फोटोंच्या रोलवर सदतीस, आणि तरी फिल्म पुढे सरकवणारी पट्टी अंगठ्यानं ओढली की आपली मऊ फिरतेच आहे. रोल संपला की अडायला हवी ना ती?

खाली फरशीवर चौदा महिन्यांची मिनल वाटी घासत होती. वाटीची कड तोंडात गेली तर… नाही, बोथट आहे. सकाळी पाहिली होती. दोनदा.

तीन महिन्यांपूर्वी बाबा उमरेडहून इथे नागपुरात, धंतोलीतल्या डॉक्टरकडे आले होते, हाताच्या थरथरीसाठी, आणि परतताना याच दिवाणावर बसून त्यांनी हा रोल भरला — "दे इकडे. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, तू मले शिकवशीन?" फिल्मचं टोक फिरकीच्या फटीत जाईना. एकदा, दोनदा… तिसऱ्यांदा गेलं, आणि बोट उचलताच अर्धं बाहेर आलं. तिनं स्पष्ट पाहिलं. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी, दूध दोनदा हुंगणारी प्रणाली नेमकी त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. खट् — झाकण बंद.

मी का नाही बोलले?

आजोबा हातमागावर बसायचे तेव्हाची गोष्ट बाबा सांगत : कांडीवरचं सूत संपलं तरी आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतोच, आवाज तोच, फक्त कापड वाढत नाही. मग फिल्म सरकलीच नसेल, तर ही सदतीस वेळची खटखट… पहिलं पाऊल, कूलरच्या पाण्यात बुडवलेला मोजा, तापातून उठलेली ती पहिली सकाळ — सगळं त्या एकाच बोटभर तुकड्यावर, एकावर एक? आणि तो तुकडा तर भरतानाच उजेडात जळलेला. म्हणजे नुसतं काळं. पण मग इतकं नीट आठवतं कसं? मोबाइलमध्ये हजारभर फोटो आहेत. त्यातला एक डोळ्यांसमोर आणू म्हटलं तर येत नाही. मोज्याचा रंगसुद्धा… पिवळा. हो, पिवळाच.

फोन वाजला. बाबाच.

"काय करून राहिली माही मिनू?"

"वाटी घासून राहिली."

"घासू दे. कल्हईचे पैसे वाचले म्हणा. रोल सरला का वं?"

"सरला… म्हणजे, सरलाच."

"मंग रविवारी आन. मीच धुतो. तुह्या नागपुरातल्या पोट्ट्यायले काय समजते!"

ती हसली. बाबा मात्र हसले नाहीत.

"प्रणाली, पट्टी ओढताना ते डाव्या हाताची घुंडी फिरे ना वं? फिल्म पुढं सरकली का तेही फिरते. तुह्या नजरेतून तर काही सुटत नाही."

घुंडी. आपोआप तिचं बोट तिच्यावर गेलं. थंड, बारीक दातेरी. सदतीस वेळा ती डोळ्याच्या कोपऱ्यात होती.

"नाही पाहिलं, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. मग हळूच, "रोल भरताना मीबी नाही पाह्यलं. झाकण नको उघडू. तसाच घेऊन ये."

फोन ठेवला तरी ते दोन शब्द कानात राहिले. मीबी नाही. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं? त्याच वेळी? मग आपण दोघं एकाच खोलीत, एकमेकांना कळू न देता, वेगवेगळ्या भिंतींकडे पाहत…

मिनलनं वाटी डोक्यावर पालथी घातली आणि आईकडे पाहिलं. प्रणालीनं कॅमेरा उचलला. अडतीस. पट्टी ओढताना नजर घुंडीकडे वळवायची, बस्, एवढंच तर होतं. ती मिनलकडेच पाहत राहिली. रविवारी अंधाऱ्या खोलीतून बाबा धुतलेली ओली फिल्म घेऊन बाहेर येतील, थरथरत्या हातांनी उजेडाकडे धरतील — आणि तेव्हा आपण कुठे पाहणार? कॅलेंडरकडे, की त्यांच्या हातांकडे?