जोरूनबाईंचा प्रश्न

मी एक जुना आरसा आहे, दात तपासायचा. नाण्याएवढा गोल आणि लांब दांड्याचा. आता माझ्यावर काळे डाग पडले आहेत आणि एका दवाखान्याच्या कपाटात मी नुसता पडून असतो. पण मित्रांनो, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर माझा काय रुबाब होता!

पोलादाच्या कारखान्यातून मी थेट डॉक्टर रांगहिलबाईंच्या पेटीत आलो. बाई वर्षातून दोनदा बोटीने यायच्या आणि शाळेच्या खोलीत खुर्ची मांडायच्या. दात कोरायचे यंत्र पायाने चालवायच्या, तेही तासन्‌तास. मला तोंडात घालण्याआधी त्या कोमट पाण्यात बुडवायच्या, म्हणजे श्वासाच्या वाफेने मी धुरकट होत नसे. अशी माणसे मी फार थोडी पाहिली.

एका शरद ऋतूत मासळी खारवणाऱ्या जोरूनबाई आपल्या ओड्नी नावाच्या मुलीला घेऊन आल्या. ओड्नी एकोणीस वर्षांची होती आणि जूनमध्ये तिचे लग्न होते.

"सगळे काढून टाका डॉक्टरीणबाई, कवळी बसवू," जोरूनबाई म्हणाल्या. "मलाही लग्नात आईनं हीच भेट दिली होती. एकदाची कटकट मिटते."

त्या बेटांवर तेव्हा असेच चालायचे, लग्नाआधी चांगले दातही काढून मुलीला कवळी द्यायचे. ओड्नी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. मला तिची फार दया आली.

बाईंनी माझ्यातून एकेक दात पाहिला. "सहा किडलेत, ते भरता येतील. एक दाढ गेली, ती काढू. बाकीचे ठणठणीत आहेत."

"ठणठणीत कसले? ब्रश लावला की रक्त येतं!"

"म्हणून हिनं ब्रशच सोडला असणार. तिथंच चुकलं. हिरड्या सुजल्यात, हलक्या हातानं रोज घासल्या की बऱ्या होतील. आणि काय गं पोरी, साखरेचा खडा दातात धरून कॉफी पितेस ना?"

"सगळेच पितात," ओड्नी पुटपुटली.

"सगळ्यांचेच समोरचे दात किडलेत! खडा बंद. सकाळी आणि झोपताना ब्रश. वसंतात मी येईन. तेव्हाही असंच असेल, तर तुझी आई म्हणेल तसं करू."

जोरूनबाई कुरकुरल्या, पण "बरं, बघू" म्हणाल्या. त्याच दिवशी बाईंनी सहा दात भरले आणि ती दाढ काढली.

वसंतात मी पुन्हा ओड्नीच्या तोंडात गेलो तेव्हा आनंदाने चकाकलोच असेन. हिरड्या गुलाबी होत्या, रक्ताचा थेंब नव्हता आणि भरलेले सहाही दात जागच्या जागी होते. ओड्नी इतकी हसली, इतकी हसली, की बाईंना मला बाहेर काढावे लागले.

मग जोरूनबाई स्वतःच खुर्चीत बसल्या. त्यांनी कवळी काढून हातात घेतली.

"बघा ना जरा," त्या म्हणाल्या. "माझे किती दात वाचले असते?"

बाईंनी मला त्या रिकाम्या हिरड्यांवरून सावकाश फिरवले. मी खूप शोधले, मित्रांनो. पण आरशाला समोर असेल तेवढेच दिसते.

"आता नाही सांगता येत, जोरूनबाई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जोरूनबाईंचा हात हातात घेतला.

मित्रांनो, तुमचे दात आहेत तोवर कुणाला तरी ते दाखवा.