गावाला गेलेली माणसं

आमचे सासरे बापूराव यांच्या मते पुलगावची गिरणीची चाळ म्हणजे आरोग्यधाम होतं. एका खोलीत नऊ माणसं, चूल तिथेच, न्हाणी तिथेच. खिडकी होती, पण ती शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून. उघडली की त्यांच्या चुलीचा धूर फुकटात आत. पावसाळ्यात ओल्या झालेल्या भिंती उन्हाळ्याशिवाय वाळत नसत. "पन आमच्या चाळीतून खोकल्यानं कधी एक मयत निघाली नाई," असं बाबा छाती काढून सांगतात. आता चाळीतल्या जुन्या मंडळींचं संमेलन ठरलंय आणि अध्यक्ष बाबा. त्यामुळे आमच्या बैठकीत दिवसभर भाषणाची तालीम, टीव्हीसुद्धा बंद.

त्यातच माझी रोशनी नागपूरहून घरी आली. नोकरीसाठी ती तिथे राहते, 'मुलींसाठी उत्तम सोय' अशी पाटी असलेल्या घरात. उत्तम सोय म्हणजे एका हॉलची प्लायवूड ठोकून केलेली सहा खुराडी. हॉलची खिडकी घरमालकाच्या वाट्याला गेली. पोरीला कधीचा खोकला, संध्याकाळी ताप, ड्रेस अंगावर लोंबतोय. माझा जीव टांगणीला लागला. म्हटलं, उद्याच सरकारी दवाखान्यात न्यायचं.

"दवाखान्यात कायले?" बाबा म्हणाले. "कारंज्याचं स्थळ चालू हाये तिचं. कोनी पाह्यलं त मोडन ना! समुद्रपूरले मामाकडं धाडून द्या. मोकळी हवा, दूध. आमच्या चाळीत असंच करत. कोनाले खोकला लागला का गावाले पाठवत. काई औषध नाई न काई नाई."

माझा नवरा प्रफुल्ल वडिलांपुढे नेहमी करतो तेच करत होता, म्हणजे मोबाइल बघत होता. असा संताप आला मला!

सासूबाई तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्याही त्याच चाळीत वाढलेल्या, बाबांच्या दोन खोल्या पलीकडे. मान वर न करता त्यांनी विचारलं, "संमेलनाले सगळ्याइले बोलावलं का?"

"सगळ्याइले. एक सुटला नाई."

"जे गावाले गेलते, त्याइले?"

"कोन गेलतं?"

"तुमची बहीन कमली. मले लहानपनी खेळवत होती ते. मंग आमच्या घरची शोभा. शेजारच्या रूपरावची पहिली बायको. साऱ्या गावाले गेल्या. वापस आलेली एक तरी सांगा."

बाबा गडबडले. "कमलीले तिकडंच करमत होतं. मले त मायनं तसंच सांगतलं."

"तुमी लहान होते, तुमाले सांगतलं. पन मंग म्हातारे झाले तरी इचारलं नाई?"

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतंच म्हणा. चाळीतून मयत निघत नव्हती, कारण मरणारं माणूस आधीच बाहेर काढत होते. लेकीबाळींच्या सोयरिकी मोडू नयेत, म्हणून एका लेकीला गपचूप एसटीत बसवायचं. वा रे आरोग्यधाम!

सकाळी मी आणि प्रफुल्ल रोशनीला घेऊन निघालो, तर बाबा आधीच चपला घालून फाटकात उभे.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की टीबी आहे, गोळ्या न चुकता घेतल्या तर पूर्ण बरी होईल. मग त्यांनी विचारलं, "घरात पूर्वी कोणाला होता?"

"नाही, नाही. आमच्याकडे कोणालाच नाही," प्रफुल्ल घाईघाईने म्हणाला. जणू डॉक्टरीणबाई मुलगी बघायला आल्या होत्या.

"चूप बैस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "होता. माह्या बहिनीले. सोळा वर्साची होती कमली. गावाले गेली सांगत होतो आमी, मॅडम. मेली ते."