भराव पाहिजे

मी एक पाटी बोलतेय. तीन हात लांब, दोन हात रुंद पत्रा, त्यावर पांढरा रंग आणि काळ्या अक्षरांत दोनच शब्द: ‘भराव पाहिजे’. खाली एक बाण. सध्या माझा मुक्काम एका सरकारी कचेरीत, फायलींच्या कपाटाला टेकून आहे. माझ्या भोकातून सुतळी ओवून एक चिठ्ठी बांधलीय आणि तिच्यावर ‘पुरावा’ असं लिहिलंय. गुन्हा मीच केला असं इथे सगळे धरून चालतात. मीही आता फारसं नाकारत नाही.

माझा जन्म भंगारातला. बस आगारात एक म्हातारी बस मोडीत निघाली, तिच्या कुशीचा तुकडा म्हणजे मी. आगारातल्या एका फिटरनी निवृत्तीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मला घरी नेलं. लोक निरोपाला घड्याळ आणतात आणि आमच्या घरी पत्रा आला, असं त्यांची बायको महिनाभर चिडवत होती. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली पडून होते.

बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आख्खी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि फिटरही चिडले की ‘हो बाई, चुकलो बाई’ म्हणून हात जोडायचे. बाईंचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. किराणा सामानाची यादीसुद्धा त्या समास सोडून लिहायच्या.

दोघांनी जन्मभर पोटाला चिमटा काढून वस्तीबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला होता. जमीन खोलगट होती, रस्त्यापासून कमरेइतकी खाली. घर बांधायचं तर आधी भर घालून ती वर आणायला हवी होती. घराचा नकाशा बाईंनी चौकटीच्या वहीत कधीच काढून ठेवला होता. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर असं की दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता वावरतील. भाड्याच्या खोलीत एकाने दुसऱ्याला ‘सरक जरा’ म्हटल्याशिवाय तीस वर्षांत एकदाही चहा झाला नव्हता.

एका गवंड्याने फिटरना कानमंत्र दिला. “काका, भराव विकत कशाला घेताय? पाटी लावा. खोदकामाची माती कुठे टाकायची म्हणून लोक जागाच शोधत असतात. फुकटात काम होतंय बघा.”

झालं! पलंगाखालून माझी सुटका झाली. बाईंनी मला पुसलं, पांढरा रंग दिला आणि पेन्सिलीने चार ओळी आखल्या. पहिल्या ओळीत ‘भराव पाहिजे’. पुढच्या ओळी त्यांनी तोंडी वाचून दाखवल्या: फक्त स्वच्छ माती. आधी फोन करा. मालक समोर असल्याशिवाय गाडी खाली करू नये.

“अगं, चालत्या गाडीतून निबंध कोण वाचणार?” फिटर म्हणाले. “दोन शब्द पुरेत.”

“दोन शब्दांवर कुणीही येईल.”

“येऊ दे की! खड्डा केवढा आहे, पाहिलास ना? नियम वाचून पळून जातील सगळे.”

बाईंनी कुंचला धुऊन ठेवला. तीन ओळी कोऱ्याच राहिल्या. नीट पाहिलंत तर पेन्सिलीच्या रेघा अजून दिसतात, पण पाटीकडे इतकं नीट कोण पाहतं?

सुरुवात छान झाली, हे मी खोटं सांगणार नाही. पहिले चार दिवस फिटर स्वतः छत्री उघडून माझ्या शेजारी बसले. जवळच एका दवाखान्याच्या इमारतीचा पाया खणत होते, तिथली लालसर माती आली. ट्रॅक्टरवाला आधी विचारायचा, फिटर मूठभर माती हातात घेऊन बघायचे, मग मान हलवायचे. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आपल्या शब्दाला मान आहे, असं मला वाटत होतं. मान होता तो शेजारी बसलेल्या माणसाला, पण हे कळायला मला उशीर झाला.

पाचव्या दिवशी फिटर आले नाहीत. गुडघे कुरकुरत होते, आणि माती काय कुठे पळून जाणार आहे, असं त्यांचं म्हणणं.

असली कामं अंधारात होतात असं लोकांना वाटतं. छे! भर दुपारी, जेवणाच्या वेळी एक डंपर आला. चालक खाली उतरला, त्याने मला वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि फोन लावला. “शेठ, जागा मिळाली. पाटी लावलीय, माणूस कुणी नाही.” एवढंच. मी काही त्याच्या अंगावर धावून जाऊ शकत नव्हते. त्याने हौदा उचलला आणि एका पाडलेल्या घराची न्हाणी, तिच्या फरश्या, फुटकं भांडं, वायरी, सगळं धाडदिशी खाली आलं.

त्यानंतर रीघ लागली. कुणाचा राडारोडा, कुणाचे फुटके सिमेंटचे पत्रे. एका गाडीतून लाल पिशव्या आल्या, त्यांत सुया आणि नळ्या होत्या. एका गाडीने पिंपं आणली आणि त्यांतलं काळं, दाट काहीतरी ओतून पिंपं तेवढी परत नेली. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा आणि निर्धास्त व्हायचा. त्यांच्या मनाची टोचणी मी काढून घेत होते. शेवटी कुणीतरी वरून वीतभर माती पसरली. नीटनेटकेपणाची आवड असते काही लोकांना.

पुढच्या रविवारी दोघं आले. फिटर तर हरखूनच गेले. “बघ! आली की नाही जमीन रस्त्याच्या पातळीला? दोन शब्दांत काम फत्ते.”

बाई जमिनीवर चालत गेल्या. एका जागी त्यांची चप्पल रुतली. त्यांनी नाकाला पदर लावला आणि छत्रीच्या टोकाने माती उकरली. आधी लाल पिशवीचा तुकडा वर आला, मग सुई. त्यांनी छत्री बाजूला धरून फिटरना जागा दाखवली. फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याच क्षणी मला खांबावरून उतरवलं, पण एव्हाना रस्ता सगळ्यांना पाठ झाला होता.

पाऊस झाला तेव्हा काळं पाणी शेजारच्या रोपवाटिकेच्या विहिरीत उतरलं. रोपवाटिकावाल्याची हजारभर रोपं आठवड्यात करपली. तो बिचारा तक्रार करणार नाही तर काय? या कचेरीतले साहेब आले, पंचनामा झाला, आणि फिटरना सुनावणीची नोटीस आली. येताना पाटी घेऊन यावी, असंही तीत लिहिलं होतं.

मला वर्तमानपत्रात गुंडाळून या कचेरीत आणलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“माल कुणी टाकला?” साहेबांनी विचारलं.

“माहीत नाही, साहेब.”

“एखाद्या गाडीचा नंबर? फोटो?”

“नाही.”

“कुंपण होतं? साखळी? राखण?”

“नव्हतं, साहेब.”

“म्हणजे तुमच्याकडे फक्त बोलावणं होतं,” साहेब म्हणाले आणि मला स्वतःकडे फिरवून घेतलं. “अक्षर मात्र फार सुंदर आहे. कुणाचं?”

फिटरनी खाली मान घातली. मग म्हणाले, “हिचं. हिनेच लिहिलीय पाटी.”

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मला वाटलं, आता बाई साहेबांना माझ्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा दाखवतील. त्यांनी दाखवल्या नाहीत. नवऱ्याची शोभा चारचौघांत कशाला करायची, असा विचार त्यांनी केला असावा, पण त्या दिवशी त्या दोघांमध्ये जे तुटलं ते मी टेबलावरून पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

हुकूम झाला. जमीन ज्याची, कचरा त्याने उचलायचा. तो उचलून मातीची तपासणी होईपर्यंत बांधकामाला परवानगी नाही. मला ठेवून घेण्यात आलं.

पुढची हकिगत मला बाईंच्याच तोंडून कळते, कारण दर मंगळवारी त्या इथे येतात. हल्ली एकट्याच येतात. एकदा कारकुनाने विचारलं, “अजून उचललं नाहीत होय?”

“एका डंपरवाल्याकडे गेले होते. उचलतो म्हणाला. कुठे टाकणार विचारलं, तर म्हणे, मावशी, ते तुम्ही विचारू नका.”

“मग?”

“मग काय! नको म्हटलं. आमचे हे म्हणतात, जाऊ दे ना, आपल्या डोक्यावरून तर जाईल. पण ते जाणार कुठे? अशाच कुणाच्या तरी खड्ड्यात. त्यानेही वहीत घर काढून ठेवलं असेल.”

कारकून सज्जन आहे. त्याने चहा मागवला. पण चहाने जमीन साफ होत नाही.

मला काढल्यावरही गाड्या थांबल्या नाहीत, म्हणून बाईंनी रस्त्याच्या कडेला जुन्या पत्र्यांचं खोपटं उभारलं आणि त्यात मुक्काम ठोकला. डंपर आला की त्या बाहेर येऊन उभ्या राहतात, फोटो काढतात, नंबर वहीत उतरवतात. समोर माणूस दिसला की गाडी मागे फिरते. इतकं सोपं होतं सगळं! पण मागे फिरलेली गाडी थोडं पुढे जाऊन दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत हौदा उचलते. बाई त्याचेही फोटो घेऊन येतात. तेव्हा कारकून कसनुसा होऊन म्हणतो, “ती जागा तुमची नाही ना, बाई? मालकालाच तक्रार करावी लागेल.”

“मालक कुठे राहतो तेच कुणाला माहीत नाही.”

“मग आपण काय करणार?”

माणसांनो, तुमची रिकामी जागा असेल, बांधकाम चालू असेल, तर माझ्यासारखीच्या भरवशावर घरी जाऊ नका. साखळी लावा. कुणाला तरी बसवा. गाडी खाली होण्याआधी आत काय आहे ते बघा आणि नंबर लिहून घ्या. आणि दुसऱ्याच्या जागेत डंपर शिरताना दिसला तर मान फिरवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतेय, पण पाटीचं सांगणं तुम्ही सोयीचं तेवढंच वाचता, हा माझा अनुभव आहे.

काल बाई आल्या त्या फोटो न घेता. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती परत मिळेल का?”

“पुरावा आहे हो. देता येत नाही. आणि आता तिचं काय करणार?”

“पत्रा अजून चांगला आहे. खोपट्याच्या तीन बाजू झाल्या. चौथीला गोणपाट लावलंय, त्यातून फार वास येतो.”

कारकुनाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “तुम्ही असं करा, अर्ज द्या.”

बाईंनी उभ्या उभ्याच अर्ज लिहिला, समास सोडून. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि तो ढिगाच्या तळाशी सरकवला. बाई आभार मानून जिना उतरून गेल्या.

मला आता निर्दोष सुटायचं नाही. मला त्या खोपट्याची चौथी भिंत व्हायचंय, माझे दोन शब्द बाहेरच्या बाजूला आले तरी चालतील. पण या कचेरीत अर्जाला उत्तर मिळायला वर्ष लागतं, हे मला इथे राहून कळलंय. बाईंना ते कुणी सांगितलं नाही.