जावई पाण्यात उतरतो

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाचा सायकल शर्यतीत बरीच वर्षं पहिला नंबर ठरलेला असायचा. मग एका वर्षी कॉलेजातल्या एका मुलीने त्याला चढावर गाठलं, मागे टाकलं आणि वर "काका, सावकाश" असंही म्हणाली. घरी येऊन त्याने जाहीर केलं की नुसत्या सायकलीत आता राम नाही, आपण ट्रायथलॉन करणार. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. बायकोने विचारलं, पण पोहता कुठे येतं तुला? मांड्यांत ताकद असली की सगळं येतं, असं त्याचं म्हणणं पडलं.

पाण्यात त्या मांड्यांनीच घात केला. पायडल मारून पाय इतके भरले होते की तलावात उतरला रे उतरला की ते थेट तळाकडे निघायचे आणि तो त्यांच्यामागून. त्याच्या सासूबाई रोज सकाळी त्याच तलावात पाठीवर पडून मैत्रिणीशी गप्पा मारायच्या. जावयाची झटापट त्यांनी काही दिवस पाहिली आणि जवळ आल्या.

"तुम्ही पाण्याशी भांडताय. अंग सोडा."

अंग सोडणं त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी हनुवटीखाली हात धरून त्यांनी त्याला तान्ह्या बाळासारखं तलावभर फिरवलं. काठावर नेमकी त्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती. पण हळूहळू तो तरंगायला लागला.

पळण्याची तऱ्हाच वेगळी. सायकलीवरून उतरून धावायला गेला की पाय अजून पायडलच शोधायचे. पोटऱ्या अशा आखडायच्या की दुकानाचा जिना तो पाठमोरा उतरायचा.

स्पर्धेच्या दिवशी कळलं, सासूबाईंनीही नाव दिलंय. तो पाण्यातून जेमतेम बाहेर पडला, तोवर त्या अंग पुसून, केळं खाऊन सायकलवर निघूनही गेल्या होत्या. मग मात्र हा सुसाट सुटला. एकेकाला मागे टाकत गेला, सासूबाईंना ओलांडताना हात हलवायलाही विसरला नाही. या रुबाबात सगळी ताकद संपली. पळताना पहिल्याच वळणावर तो झाडाला धरून उभा राहिला. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, संथ, धाप न लागता.

"थांबू का?"

नाही म्हणायचं त्याने ठरवलं होतं. तोंडून निघालं, "थांबा ना, आई."

त्यांनी त्याचा दंड धरला आणि उरलेला सगळा रस्ता शेजारणीच्या सुनेची हकिकत सांगितली. उत्तर द्यायला त्याच्याजवळ दमच नव्हता. इतकं मन लावून आपलं कुणी ऐकलं नव्हतं, असं त्या नंतर म्हणाल्या. शेवटची रेष आली तशी त्यांनी त्याला पाठीवर हलकेच ढकललं, आणि तो एक पाऊल आधी पोचला.

घरी सगळे जमले होते. जावयाने आपल्याला ऐन शेवटी कसं गाठलं, हे सासूबाई रंगवून रंगवून सांगत होत्या. तो मान खाली घालून पोटऱ्या चोळत बसला.