मंडळाची होतकरू मुलगी

विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या त्या मंडळाला मावशी घरात 'टाळ्या मंडळ' म्हणायची. शिवणकाम करून आईवेगळ्या भाचीला वाढवणाऱ्या या बाईला कुणाचे उपकार घ्यायची लाज नव्हती. उपकार करून ते चारचौघांत मिरवणाऱ्यांची मात्र तिला भयंकर चीड होती. मंडळाने कॉलेजची फी भरली, हे खरं. पण त्या बदल्यात पोरीला वर्षभर इतकं नाचवलं की सर्कशीतल्या हत्तीनेही राजीनामा दिला असता.

पाहुणे आले की भाचीला बोलावणं. 'वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी' म्हणून तिने उभं राहायचं, आई कशी गेली ते सांगायचं, बायकांनी डोळे टिपायचे, मग चहा. या नादात प्रयोगशाळेतले तास बुडत गेले. शेवटी कॉलेजातल्या बाईंनी बजावलं, आता शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा चुकली तर वर्ष गेलंच म्हणून समज.

मंडळाने नेमका त्या परीक्षेच्या सकाळीच वार्षिक सोहळा ठेवला. विषय काय, तर 'शिक्षण अर्धवट सोडू नका'!

पोरीला त्या दिवशी मोकळं सोडा, असं सांगायला मावशी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी गेली. बाई पायपुसण्यापासून पडद्यांपर्यंत सगळं एका रंगात ठेवणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी तिला उभ्याउभ्याच ऐकून घेतलं.

"अहो, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही होईल," त्या गोड हसून म्हणाल्या. "पण असे पाहुणे पुन्हा मिळायचे नाहीत. आणि वर्ष गेलं तरी आम्ही आहोत ना पाठीशी!"

मावशी तडक घरी परतली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"त्यांनी फी भरलीय, नाही कसं म्हणू?" भाची रडकुंडीला आली होती.

"फी भरली, तुला विकत नाही घेतलं. तू परीक्षेला जा. तिथं मी जाते."

गल्लीतल्या बायकांनी कधी भाषण ठोकलं नव्हतं. एकीने अभ्यासाला मागची खोली दिली होती, दुसरी मावशीची काजं-बटणं लावून द्यायची, म्हणजे पोरीला मशीनवर बसावं लागू नये. त्या सकाळीही शेजारीण भाचीला कॉलेजच्या दारापर्यंत सोडून आली. मंडळाचा माणूस वाटेत अडवेल, अशी तिला खात्रीच होती.

इकडे भाचीच्या खुर्चीत मावशी बसलेली पाहून अध्यक्षीणबाईंचा चेहरा पडला. पण पाहुणे समोर होते. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मुलीच्या शिक्षणात सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?" पाहुण्यांनी जिव्हाळ्याने विचारलं.

मावशीने माईक धरला. "हे कार्यक्रम. आत्ता तिची शेवटची परीक्षा चालू आहे, आणि तिने ती बुडवून इथं यावं, असं या मंडळाचं म्हणणं होतं."

 सवयीने टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी डोळे टिपले.

मावशी थक्क झाली. या लोकांना शिवी घातली तरी ते टाळ्याच वाजवणार, हे तिला तेव्हा उमगलं. ती खाली उतरली तशा अध्यक्षीणबाई मागून धावत आल्या.

"फार छान बोललात हो! पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे, तेव्हा दोघीही या."